उन्हाळी विज्ञानवर्ग, वंचित विद्यार्थ्यांचे

विज्ञान, गणित, अभियांत्रिकी व तंत्रविद्या या क्षेत्रांत ज्या समाजगटांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार कमी आहे, अशा गटांतील विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठे, वैज्ञानिक संस्था व शासन यांनी उन्हाळी सुटीत चालविलेले विशेष अध्यापनाचे उपक्रम. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६० नंतर या उपक्रमांस निश्चित स्वरूप आले. त्यांचा इतिहास तेथील नागरी हक्कांची चळवळ, विज्ञानशिक्षणाविषयीचे शासकीय धोरण आणि उच्च शिक्षणातील प्रवेशासंबंधीचे न्यायालयीन वाद यांच्याशी निगडित आहे. कृष्णवर्णीय, मेक्सिकन-अमेरिकन, प्वेर्त रीकोचे रहिवासी व मूळचे इंडियन हे गट यांत प्रामुख्याने विचारात घेतले गेले. पुढे स्त्रिया, निर्धन कुटुंबांतील मुले आणि ज्यांच्या घरात पूर्वी कोणीही महाविद्यालयात गेलेले नाही, अशी मुले यांचाही अंतर्भाव झाला.

या वर्गांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांस विद्यापीठाच्या आवारात ठेवून किंवा रोज बोलावून गणित, पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र व अभियांत्रिकीची तोंडओळख हे विषय शिकविले जातात. दुसऱ्या प्रकारात विद्यार्थी एखाद्या प्रयोगशाळेत संशोधकाच्या हाताखाली प्रत्यक्ष काम करतो. तिसरा प्रकार सेतुवर्गांचा असून त्यात महाविद्यालयात प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांची सत्रारंभापूर्वी तयारी करून घेतली जाते. मुदत एक आठवड्यापासून आठ-दहा आठवड्यांपर्यंत असते. उन्हाळ्याची निवड सोयीची होती. अमेरिकेतील शाळांना त्या काळात दोन-अडीच महिने सुटी असते, विद्यापीठांची वसतिगृहे व प्रयोगशाळा मोकळ्या असतात आणि प्राध्यापकही उपलब्ध होतात. मात्र गरीब घरातील मुलांना याच सुटीत मजुरी करून चार पैसे मिळवावे लागतात. त्यामुळे शिक्षण विनाशुल्क ठेवणे पुरेसे होत नाही, त्यासोबत विद्यावेतनही द्यावे लागते, हा अनुभव चालकांना आरंभीच आला.

पूर्वपीठिका : नॅशनल सायन्स फाउंडेशन या संघशासनाच्या संस्थेने (स्थापना १९५०) १९५३ मध्ये महाविद्यालयीन शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केले व लवकरच माध्यमिक शिक्षकांनाही त्यांचा लाभ मिळू लागला. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जेरल्ड झकरायस या भौतिकीविज्ञांच्या पुढाकाराने १९५६ मध्ये शालेय पदार्थविज्ञानाच्या नव्या अभ्यासक्रमाचे काम सुरू झाले. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएट रशियाने स्पुटनिक–१ हा कृत्रिम उपग्रह अवकाशात सोडल्यावर या प्रयत्नांना राष्ट्रीय संरक्षणाचे महत्त्व प्राप्त झाले. १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण अधिनियमाने विज्ञान, गणित व परकीय भाषा यांच्या अध्यापनास मोठे अर्थसाहाय्य दिले. त्या दशकाच्या अखेरीस फाउंडेशनने हुशार शालेय विद्यार्थ्यांसाठीही उन्हाळी वर्गांना अनुदान देण्यास प्रारंभ केला. गणितज्ञ आर्नल्ड रॉस यांनी १९५७ मध्ये नोत्रदाम विद्यापीठात सुरू केलेला व १९६४ मध्ये ओहायओ राज्य विद्यापीठात नेलेला संख्याशास्त्राऐवजी संख्यासिद्धांतावर आधारलेला वर्ग हा या पिढीतील एक नामांकित वर्ग होय.

या वर्गांची निवड बुद्धिमत्तेवर होत असे. परंतु बुद्धिमत्तेचा पुरावा म्हणून शाळेतील गुण, पूर्वी घेतलेले विषय व शिक्षकाची शिफारस यांचाच विचार होई. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या ब्राउन खटल्यात वर्णभेदावर आधारलेल्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या, तरी दक्षिणेकडील राज्यांत पुढे दहा वर्षे बहुसंख्य कृष्णवर्णीय मुले वेगळ्या शाळांतच शिकत होती. ज्या शाळेत प्रयोगशाळा नाही व वरच्या वर्गांचे गणित शिकविले जात नाही, तेथील मुलाला अशा निवडीत स्वतःची गुणवत्ता दाखविण्यास वावच नव्हता. गुणवत्तेचा शोध देशव्यापी होता, पण तो त्याच्या शाळेपर्यंत पोहोचला नाही.

नागरी हक्कांची चळवळ व शासकीय कार्यक्रम : १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात नागरी हक्क कार्यकर्त्यांनी चाळीसहून अधिक ‘स्वातंत्र्यशाळा’ चालविल्या. त्यांचा रोख नागरिकत्वाच्या शिक्षणावर होता. तथापि उन्हाळी सुटी हे शिक्षणातील विषमतेवरील उपायाचे साधन होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले. त्या उन्हाळ्यातील मोहिमेचे एक प्रमुख संघटक रॉबर्ट मोझेस यांनीच पुढे १९८२ मध्ये बीजगणित प्रकल्प हाती घेतला. मतदानाचा हक्क जसा एका पिढीला मिळवावा लागला, तसा गणिताचा हक्क पुढील पिढीला मिळवावा लागेल, अशी त्यामागे त्यांची भूमिका होती.

ऑगस्ट १९६४ मधील आर्थिक संधी अधिनियमान्वये ‘अपवर्ड बाउंड’ हा कार्यक्रम सुरू झाला व १९६५ च्या उन्हाळ्यात त्याचे पहिले प्रायोगिक वर्ग भरले. निर्धन कुटुंबांतील माध्यमिक विद्यार्थ्यांनी सु. सहा आठवडे विद्यापीठाच्या आवारात राहावयाचे आणि वर्षभर आठवड्याच्या अखेरीस वा शाळा सुटल्यावर पुन्हा मार्गदर्शन घ्यावयाचे, अशी त्याची रचना होती. १९६५ च्या उच्च शिक्षण अधिनियमाने ‘टॅलंट सर्च’ व १९६८ च्या दुरुस्तीने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या साहाय्याची योजना यांची भर पडली आणि या तीन योजना मिळून ‘ट्रिओ’ असे नाव रूढ झाले. १९८० मध्ये घरातील पहिल्या पिढीचा विद्यार्थी ही कसोटी कायद्यात आली. केवळ गणित व विज्ञान यांसाठीचे स्वतंत्र अपवर्ड बाउंड वर्ग १९९० पासून सुरू झाले.

वैज्ञानिक संस्थांच्या उपक्रमांत अमेरिकन केमिकल सोसायटीचा १९६८ मधील ‘सीड’ प्रकल्प उल्लेखनीय आहे. त्यात आर्थिक दृष्ट्या दुर्बल घरांतील शालेय विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम व त्याबद्दल विद्यावेतन दिले जाई.

अभियांत्रिकीतील कार्यक्रम : १९७० च्या सुमारास अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सु. ११ टक्के होते. परंतु अभियांत्रिकीची पदवी घेणाऱ्यांत ते सु. १ टक्काच होते. १९७० मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्बर सोमरटन व ओकलंड टेक्निकल हायस्कूलमधील गणिताच्या शिक्षिका मेरी पेरी स्मिथ यांच्या प्रयत्नांनी ‘मेसा’ ही योजना त्या शाळेतील २५ विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. प्रगत गणित व विज्ञान हे विषय घेण्याची अट विद्यार्थ्यांवर घालून त्यांना शिकवणी, कारखान्यांच्या भेटी व उन्हाळी वर्ग यांची जोड देण्यात आली. १९७२ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे जे. स्टॅनफर्ड स्मिथ यांनी अल्पसंख्य गटांतील अभियंता पदवीधरांची संख्या एका दशकात दहापट करण्याचे आवाहन केले. १९७३ मध्ये राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीने या प्रश्नावर परिसंवाद भरविला व १९७४ मध्ये आल्फ्रेड पी. स्लोन प्रतिष्ठानाच्या साहाय्याने तयार झालेल्या अहवालात पुढील कार्याचा आराखडा मांडण्यात आला. दहापट वाढीचे उद्दिष्ट त्या मुदतीत गाठले गेले नाही; मात्र त्यानिमित्ताने उद्योगसंस्थांचा पैसा व विद्यापीठांच्या प्रयोगशाळा एकत्र आल्या.

याच सुमारास अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांनी अल्पसंख्य विद्यार्थ्यांना अभियांत्रिकीचा परिचय करून देणारे एकदोन आठवड्यांचे निवासी वर्ग सुरू केले. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील ‘माइट्स’ हा त्यांतील सर्वांत ख्यातनाम होय. त्याचा आरंभ १९७०–८० या दशकाच्या मध्यास झाला व कालांतराने तो शालान्त वर्षापूर्वीच्या उन्हाळ्यातील सहा आठवड्यांचा विनाशुल्क निवासी वर्ग बनला. कलनशास्त्र, भौतिकी, जीवविज्ञान, मानव्यविद्या व एखादा अभियांत्रिकी प्रकल्प असा त्याचा भरगच्च अभ्यासक्रम असे. आग्नेयेकडील राज्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांचा संघ १९७५ मध्ये आणि अमेरिकन इंडियन वैज्ञानिक व अभियंते यांची संस्था १९७७ मध्ये स्थापन झाली. १९७९ मध्ये टेक्सस राज्यातील सॅन अँटोनिओ येथे गणिताचे प्राध्यापक मॅन्युएल बेरिओसावाल यांनी सुरू केलेला वर्ग अनिवासी होता. त्यात मेक्सिकन-अमेरिकन मुले मोठ्या संख्येने येत. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांना तर्कशास्त्र व त्याचे गणितातील उपयोजन शिकविले जाई आणि एकाच विद्यार्थ्याने लागोपाठ तीन उन्हाळे यावे, अशी अपेक्षा असे.

अध्यापनाची दोन धोरणे : या वर्गांत काय शिकवावे, हा प्रश्न प्रारंभापासून वादग्रस्त राहिला. वंचित विद्यार्थ्याच्या ज्ञानात उणिवा आहेत व प्रथम त्या भरून काढाव्यात, या समजुतीने अनेक ठिकाणी खालच्या इयत्तांच्या गणिताचीच उजळणी करून घेतली जाई. याउलट काही अध्यापकांनी कठीण विषय आरंभापासूनच हाती दिला.

या वादावर बर्कली येथील युरी ट्रीसमन यांच्या अभ्यासाने मोलाचा प्रकाश टाकला. १९७०–८० या दशकाच्या मध्यास त्यांनी कलनशास्त्राच्या पहिल्या वर्गातील २० कृष्णवर्णीय व २० चिनी-अमेरिकन विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या सवयींचे बारकाईने निरीक्षण केले. कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे पडतात ते इच्छाशक्ती, पूर्वतयारी किंवा घरचा पाठिंबा यांच्या अभावामुळे, असे प्राध्यापकांचे मत होते. प्रत्यक्षात हे विद्यार्थी कष्टाळू होते, त्यांच्या घरच्यांना शिक्षणाची आस्था होती आणि त्यांपैकी अनेकजण शाळेत अग्रेसर होते. फरक एवढाच आढळला, की ते एकएकटे अभ्यास करीत, तर चिनी-अमेरिकन विद्यार्थी गटाने बसून उत्तरे ताडून पाहत व एकमेकांच्या चुका दाखवीत. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला आपले कोठे चुकते आणि ते आपल्या एकट्याचेच चुकते की सर्वांचे, हे परीक्षेपर्यंत कळत नसे. यावरून ट्रीसमन यांनी १९७८ पासून कार्यशाळा सुरू केल्या. त्यांत उजळणीला फाटा देऊन नेहमीच्या वर्गापेक्षाही कठीण उदाहरणे लहान गटांत सोडविण्यास दिली जात. त्यांत भाग घेणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे यश लक्षणीयरीत्या वाढले व ही पद्धती इतर विद्यापीठांनी स्वीकारली.

न्यू ऑर्लीन्स येथील झेव्हिअर विद्यापीठ हे मुख्यत्वे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे. तेथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक जे. डब्ल्यू. कारमायकेल व त्यांचे सहकारी यांनी १९७७ मध्ये विश्लेषणात्मक विचारावर भर देणारा उन्हाळी वर्ग सुरू केला. स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे यांच्या बौद्धिक विकासाच्या उपपत्तीचा त्यास आधार होता. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वैद्यकीय महाविद्यालयांत पाठविण्यात हे लहानसे विद्यापीठ पुढे देशात अग्रस्थानी आले. मेरिलंड विद्यापीठाच्या बॉल्टिमोर परगण्यातील शाखेत फ्रीमन राबोस्की यांनी रॉबर्ट व जेन मायरहॉफ यांच्या देणगीतून १९८८ मध्ये योजलेली शिष्यवृत्ती त्याच धर्तीची होती. १९८९ मध्ये १९ कृष्णवर्णीय तरुणांचा पहिला गट आला. १९९० पासून मुलींनाही प्रवेश मिळाला. सहा आठवड्यांच्या सेतुवर्गात बांधला गेलेला गट पुढील चार वर्षे एकत्र राही, एकत्र अभ्यास करी व उन्हाळ्यात प्रयोगशाळांत काम करी. नुसते उत्तीर्ण होण्यापेक्षा पीएच्.डी.पर्यंत जाणे हे ध्येय पहिल्या दिवसापासून समोर ठेवण्यात येई.

स्त्रियांचा प्रश्न : अल्पसंख्य गटांतील स्त्रियांवर वंश व लिंग असा दुहेरी भार पडतो, याकडे अमेरिकन असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ सायन्स या संस्थेने डिसेंबर १९७५ मध्ये भरविलेल्या परिषदेने लक्ष वेधले. शर्ली मॅल्कम व त्यांच्या सहकारी लेखिकांनी १९७६ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध केला. अल्पसंख्यांसाठीचे वर्ग मुलांचा आणि स्त्रियांसाठीचे वर्ग गौरवर्णीय मुलींचा विचार करून आखले जातात व या स्त्रिया दोहोंकडून वगळल्या जातात, ही त्यातील तक्रार पुढील योजनांत काही अंशी विचारात घेतली गेली.

निधी व न्यायालयीन निर्णय : हे वर्ग बहुधा अनुदानावर चालत असल्याने धोरण बदलताच त्यांचे अस्तित्व धोक्यात येई. १९८१ नंतर रेगन शासनाने नॅशनल सायन्स फाउंडेशनचे शिक्षणविषयक काम जवळजवळ थांबविले व अनेक उन्हाळी वर्ग बंद पडले. १९८३ मध्ये शालेय शिक्षणाच्या अवनतीविषयी राष्ट्रीय आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाल्यानंतर हे काम पुन्हा वाढीस लागले. १९८७ मध्ये फाउंडेशनने पदवीपूर्व विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात संशोधनाचा अनुभव देणारी व्यापक योजना सुरू केली.

दुसरा आघात न्यायालयांकडून झाला. केवळ कृष्णवर्णीयांसाठी असलेली मेरिलंड विद्यापीठाची एक शिष्यवृत्ती संघ अपील न्यायालयाने १९९४ मध्ये अवैध ठरविली व १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्याचे नाकारले. परिणामी मायरहॉफ शिष्यवृत्ती १९९६ मध्ये सर्व वंशांसाठी खुली करण्यात आली. वर्णाधिष्ठित निवडीविरुद्ध तक्रार आल्यावर मॅसॅचूसेट्सच्या संस्थेनेही २००३ मध्ये ‘माइट्स’ सर्वांना खुला केला. या नावातील पहिले अक्षर मूळच्या ‘मायनॉरिटी’ या शब्दाचे होते. २०२२ मध्ये ते संस्थेच्या नावाचे द्योतक ठरविण्यात आले. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हार्व्हर्ड व नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत प्रवेशासाठी वंशाचा निकष अमान्य केला आणि २०२५ मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशनने वंचित गटांचा सहभाग वाढविण्यासाठी दिलेली अनेक अनुदाने मुदतीपूर्वीच रद्द केली. वंशाऐवजी घरचे उत्पन्न, आईवडिलांचे शिक्षण व शाळेतील सुविधा या कसोट्या वापरण्याकडे चालकांचा कल यामुळे वाढला. या कसोट्यांनी गरिबी मोजता येते. परंतु वर्णामुळे वाट्यास आलेली वंचना त्यांनी पुरती मोजली जात नाही, असा आक्षेप घेतला जातो.

मूल्यमापन : उन्हाळी वर्गास स्वतःहून येणारे विद्यार्थी मुळातच उत्साही असल्याने त्यांच्या पुढील यशाचे श्रेय वर्गास किती द्यावे, हे ठरविणे कठीण असते. यासाठी पात्र अर्जदारांतून सोडतीने निवड करून, निवडलेल्या व न निवडलेल्या विद्यार्थ्यांची तुलना करण्याची पद्धत अवलंबिण्यात आली. १९९२ पासून ६७ अपवर्ड बाउंड प्रकल्पांत केलेल्या अशा पाहणीत महाविद्यालयीन प्रवेशावर सरासरी परिणाम आढळला नाही. मात्र ज्यांना आपण पदवीपर्यंत जाऊ अशी मुळात अपेक्षाच नव्हती, त्यांना वर्गाचा चांगला लाभ झाला. या पाहणीच्या पद्धतीवर बरीच टीकाही झाली. याउलट सेरा कोहोड्स, हेलन हो व सिल्व्हिया रोब्लेस यांनी एका नामांकित तंत्रशिक्षण संस्थेच्या २०१४–१६ या वर्षांतील तीन उन्हाळी कार्यक्रमांचा सोडतीच्या पद्धतीने अभ्यास केला. त्यांतील बहुतेक अर्जदार एरवीही महाविद्यालयात गेलेच असते; तथापि सर्वांत सखोल अशा सहा आठवड्यांच्या निवासी कार्यक्रमात जागा मिळाल्याने विज्ञान-तंत्रविद्येची पदवी चार वर्षांत मिळविण्याचे प्रमाण ३३ टक्क्यांनी वाढले. यावरून असे दिसते, की हुशार पण वंचित विद्यार्थी महाविद्यालयात पोहोचला, तरी पोषक संगत व आत्मविश्वास यांच्या अभावी तो विज्ञानाची वाट अनेकदा सोडून देतो.

भारत : भारतात राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध योजना १९६३ मध्ये दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात व १९६४ पासून देशभर सुरू झाली. निवडलेल्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी वर्गही भरविले जात. परंतु तिचे स्वरूप अमेरिकेतील १९६० पूर्वीच्या वर्गांसारखेच होते. १९७६ मध्ये योजनेची पुनर्रचना होऊन परीक्षा भारतीय भाषांतून खुली होईपर्यंत मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलास तिचे दार बंदच होते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा मूलगामी विचार मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने केला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या या केंद्राची स्थापना १९७४ मध्ये झाली. प्रा. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली केंद्राने मुंबई महानगरपालिकेच्या शाळांत आणि खिरोदा (जि. जळगाव) परिसरातील ग्रामीण शाळांत काम सुरू केले. १९८० नंतर महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना निवडून त्यांना अनेक वर्षे जादा मार्गदर्शन देण्यात आले व त्यावरील कुलकर्णी आणि आगरकर यांचा अहवाल १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठ्यपुस्तकांची बोजड, संस्कृतप्रचुर भाषा हाच या मुलांच्या मार्गातील मोठा अडसर असून, तो दूर होताच व प्रश्न विचारण्याची मोकळीक मिळताच त्यांची प्रगती झपाट्याने होते, असे केंद्राच्या कामातून दिसून आले. मजकूर सोपा झाला, पण विषयाची काठिण्यपातळी खाली आणली गेली नाही, हे येथे महत्त्वाचे आहे. हा उपक्रम उन्हाळ्यापुरता नसून वर्षभर चालणारा होता; तरीही त्याचे निष्कर्ष बर्कली व न्यू ऑर्लीन्स येथील निष्कर्षांशी मिळतेजुळते आहेत.

सहा दशकांच्या या अनुभवाचे सार असे, की वंचित विद्यार्थ्याला उणीव असलेला न मानता समर्थ मानून कठीण काम देणारे, त्याला सोबती मिळवून देणारे आणि उन्हाळा संपल्यावरही त्याची साथ न सोडणारे वर्गच टिकाऊ परिणाम करू शकले. ज्या शाळांतून ही मुले येतात त्या शाळांची स्थिती मात्र अशा वर्गांनी बदलत नाही. प्रत्येक वर्गातील जागा मोजक्या असतात, आणि अर्ज करण्याइतकीही माहिती ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, त्यांची संख्या फार मोठी आहे. उन्हाळी वर्ग हा शालेय शिक्षणातील विषमतेवरचा पूरक उपाय होय. तो शाळेचा पर्याय होऊ शकत नाही.